तबकडीला हळदकुंकू

सुलेखाबाईंचं नाव सुलेखा ठेवलं ते सासऱ्यांनी, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. बाईंची शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा मास्तर गावात असेल त्या दिवशी. पण सासऱ्यांना वळणदार अक्षराची भारी हौस, ती त्यांनी सुनेच्या नावावर भागवून घेतली. सही करायची वेळ आली की बाईंच्या तळहाताला अजून घाम येतो. बाकी कशानं येत नाही. नवरा गेल्यावर दोन पोरं एकटीनं वाढवली, थोरली नाशकात नांदती केली, धाकट्या प्रसन्नला इंजिनियर केलं. त्यानं मिशिगनात नोव्हायला घर घेतलं आणि आईला आणलं, त्याला आता आठ वर्षं झाली. एवढ्या आयुष्यात सुलेखाबाई कोणाला 'चुकलं माझं' म्हणाल्या, असं कोणी ऐकलेलं नाही. अमळनेरात नाही, अमेरिकेतही नाही. भाजी खारट झाली तर इथलं मीठच खारट असतं. दूध उतू गेलं तर या काचेच्या शेगडीला अक्कल नसते.

घरात माणसं चार. प्रसन्न मोटारींच्या कंपनीत दिवसभर लोकांच्या ब्रेकची काळजी वाहतो. सून आसावरी कानात बोंडं घालून घरूनच बँकेचं काम करते आणि सासूनं काही बोललं की एक बोंड काढते. दोन्ही काढली की समजावं, आज भांडण आहे. आणि नात अनिका, पंधरा वर्षांची, शाळेच्या जॅझ बँडमध्ये पियानोवर बसते.

तबकडी घरात आली ती अनिकामुळे. समोरच्या घरात मिस्टर टॉलिव्हर राहतात, ऐंशीच्या पुढचे. मोटारीच्या कारखान्यात रंगकामाला चाळीस वर्षं काढलेली, बायको गेलेली, मुलं लांब. पानगळ सुरू झाली की म्हातारा रोज दुपारी आपल्या अंगणातली पानं ओढत बसतो. अशाच एका दुपारी खिडकीतून अनिकाचा पियानो त्यानं ऐकला, दाताळं खाली ठेवलं, घरात गेला, आणि एक पेटीसारखा जुना रेकॉर्ड प्लेयर आणि एक खाकी पाकीट घेऊन दारात उभा राहिला.

पाकिटात ती तबकडी. काळी, जड, ताटाएवढी. त्याचे वडील अलाबामातली कापसाची शेतं सोडून डेट्रॉइटला कारखान्यात लागले होते. एकोणीसशे एक्केचाळीस साली, दुसरी पाळी सुटल्यावर, कारखान्यातलीच सात माणसं एका भाड्याच्या खोलीत जमली आणि त्यांनी ही रेकॉर्ड केली. 'सेकंड शिफ्ट स्टॉम्प'. गाणं नाही, बोल नाहीत, नुसतं वाजवणं, तीन मिनिटं. पियानोवर टॉलिव्हरचे वडील. या प्रकाराला बुगी-वुगी म्हणतात. तबकड्या निघाल्या होत्या थोड्याच; या घटकेला उरलेली, टॉलिव्हरच्या माहितीतली, एवढी एकच. वडिलांचं दुसरं काही वाजवलेलं कुठं उरलेलं नाही. आणि कागदावर सूर लिहिलेले नाहीत, त्यामुळे शिकायचं तर ऐकूनच. डिसेंबरात शाळेचा कार्यक्रम होता, त्यात ही चीज वाजवायची असं अनिकानं आणि म्हाताऱ्यानं त्या पायरीवरच ठरवून टाकलं.

"फोनवर रेकॉर्ड करून घे आणि परत दे," प्रसन्न म्हणाला. "लोकांची वस्तू घरात नको."

"बाबा, मी केलं. फोनमध्ये लेफ्ट हँड येतच नाही. मिस्टर टॉलिव्हर म्हणतात, रेकॉर्ड कपाटात ठेवायला नसते, वाजवायला असते."

"शहाणा दिसतोय म्हातारा," सुलेखाबाई म्हणाल्या. त्या तेव्हा पोळ्या करत होत्या आणि तबकडी पहिल्यांदाच लागली होती. पहिलं अर्ध मिनिट त्यांना ती पिठाची गिरणी वाटली. मग त्यांचं लाटणं थांबलं.

त्या आवाजाला दोन हात होते. एक हात खाली, जाड स्वरात, गडगड गडगड तेच ते लाटत चाललेला. ना थकत होता, ना वर बघत होता. आणि दुसरा हात त्याच्या डोक्यावर मनाला येईल तिथं टिकल्या चिकटवत होता. मागे भोंगे, ढोल, सगळी जत्रा. सुलेखाबाईंनी हातातलं पीठ झटकलं. हा कारखाना त्यांनी पाहिलेला होता.

त्यांचं माहेर लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचं. कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करायची, पाटावर तिची वळी डाव्या हातानं लाटत राहायची, आणि उजव्या हातानं चिमटा धरून तिच्यात खडे बसवायचे. डावा थांबला की लाख थंड. लाख थंड झाली की खडा बसत नाही, बसला तर उडतो. त्यांचा बाप गिऱ्हाइकाशी बोलायचा, पोरांना शिव्या घालायचा, चहा प्यायचा, पण डावा हात आपला चालूच. त्या हाताला जणू वेगळं डोकं होतं.

"माझा लेफ्ट अडखळतो, आजी," चारपाच दिवसांनी अनिका रडकुंडीला येऊन म्हणाली. "एकटा ओके असतो. राइट आला की लेफ्ट थांबतो. त्याला वाटतं, आता आपलं काम संपलं."

"वाटू देऊ नकोस. ये इकडं."

त्यांनी नातीला ओट्यापाशी उभं केलं. डाव्या हाताखाली कणकेचा गोळा दिला आणि वळी लाटायला लावली. उजव्या हाताशी ताट ठेवलं. अमेरिकेतल्या डाळीत खडा सापडायला नशीब लागतं, म्हणून साबुदाण्यात मूठभर मोहरी कालवून दिली. म्हणाल्या, "मोहरी निवड. वळी थांबली तर पुन्हा पहिल्यापासून."

"धिस इज सो वियर्ड."

"बोल बोल. बोलतानासुद्धा थांबायचं नाही."

आसावरीनं एक बोंड काढलं, ओट्याकडं बघितलं, परत घातलं. आठवड्याभरात दोन किलो साबुदाणा निवडून झाला. घरानं खिचडी इतकी खाल्ली की प्रसन्न उपासाच्या दिवशी जेवायला लागला. पण अनिकाचा डावा हात चालायला लागला तो लागलाच.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग खंडेनवमी आली.

बाईंच्या माहेरी या दिवशी शेगडी, पाट, चिमटे, साचे सगळं धुऊन मांडायचे आणि हळदकुंकू वाहायचं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस हात जोडायचे आणि त्या दिवशी त्याला राबवायचं नाही. नोव्हायला आल्यापासून बाईंनी हा नेम मोडला नव्हता. प्रसन्नच्या लॅपटॉपला गंध, गाडीच्या बॉनेटला गंध, मिक्सरला, बर्फ ओढायच्या फावड्याला, आसावरीच्या त्या कानातल्या बोंडांनासुद्धा एक एक ठिपका. त्यावर्षी त्यांनी पियानोला झेंडूची माळ घातली. मग रेकॉर्ड प्लेयरपाशी आल्या. पेटीवर ठिपका लावला आणि थबकल्या. पेटी तर नुसती फिरते. राबते कोण? गेले तीन आठवडे या पोरीला शिकवतंय कोण?

त्यांनी पाकिटातून तबकडी काढली, पेटीवर ठेवली, आणि पाण्यात कालवलेल्या हळदीची पाच बोटं तिच्यावर ओढली. वर कुंकू. वर अक्षता. मधोमध एक झेंडू. काळ्या अंगावर पिवळी बोटं अशी काही शोभली की त्यांनी दुरूनही एकदा बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अनिका शाळेला गेल्यावर बाईंनी पूजा उचलली. फूल काढलं, अक्षता झटकल्या, आणि वाळलेली हळद पदरानं पुसून काढली, पितळेचं भांडं पुसतात तशी, चांगला जोर लावून. तबकडी काळी दिसायला लागली. काळं म्हणजे स्वच्छ. त्यांनी ती पाकिटात घातली आणि श्रीखंडाच्या मागं लागल्या.

दुपारी अनिका आली, दप्तर टाकलं, तबकडी लावली.

खर्रर्र. मग भजी तळल्यासारखं चर्र चर्र, आणि त्याच्या मागं कुठंतरी, लांबच्या गल्लीत, पियानो. सुई एकदा घसरली, पुन्हा घसरली. अनिकानं ती उचलली. तबकडी उजेडात तिरकी धरली.

"ओ नो," ती हळू म्हणाली. मग एकदम खालीच बसली. "मी काहीतरी केलं. संडेला उन्हात राहिली का? मी सुई वाइट ठेवली. त्यांच्या डॅडचं दुसरं काहीच नाहीये, मम्मा. काहीच नाही. आणि मी ती घालवली."

आसावरीनं दोन्ही बोंडं काढली.

सुलेखाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आपला पदर बघितला. पदर पिवळा होता, आणि दोनतीन ठिकाणी त्यात तांदळाची कणी रुतून बसली होती. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळणार नव्हतं. पोर तर आपणहून पाप डोक्यावर घेऊन बसली होती. बाईंनी एक पळी धुतली. ती धुतलेलीच होती.

"तू नाही घालवलीस," त्या म्हणाल्या. "काल मी तिची पूजा केली. हळद राहिली असेल थोडी."

"तिची म्हणजे? रेकॉर्डवर?"

"मग काय पाकिटाची करू?"

आसावरी म्हणाली, "आई, अहो, त्या रेघांमध्येच आवाज असतो."

संध्याकाळी प्रसन्न आला. इंजिनियर माणूस, त्याला रडण्यापेक्षा उपाय लवकर सुचतो. यूट्यूबवर एक दाढीवाला रेकॉर्ड धुऊन दाखवत होता. प्रसन्ननं गॅरेजमधून सर्किट पुसायच्या स्पिरिटची बाटली आणली, कापूस आणला, बाह्या वर केल्या. पाकीट झटकताना त्यातून एक छोटी कागदाची पुडी पडली. तिच्यात तबकडीच्या कडेचा उडालेला टवका होता, नखाएवढा, केव्हाचा जुना. म्हाताऱ्यानं तोही जपून ठेवलेला.

सुलेखाबाईंनी टवका उचलला. बोटात फिरवला. दातावर टेकवला. कोणी काही म्हणायच्या आत त्याचा कोपरा देवापुढच्या उदबत्तीच्या निखाऱ्याला लावला.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

बाईंनी नाकाशी धरला, आणि साठ वर्षांपूर्वीची सगळी शेगडी त्यांच्या डोक्यात पेटली. कोळसा, बापाचा घाम, भाजलेली बोटं. हा वास दुसऱ्या कशाचा असूच शकत नव्हता.

प्रसन्न बाटलीचं बूच उघडत होता. बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्या मनगटावर आता केस पांढरे झाले होते, तरी त्यांनी ते सहा वर्षांच्या पोराचं असल्यासारखं धरलं.

"खाली ठेव ती बाटली."

"आई, हे सेफ आहे. तो माणूस करतोय बघ."

"त्याची प्लास्टिकची असेल. ही लाख आहे."

"काय?"

"लाख. तुझ्या आज्याच्या पाटावरची. सुतार पॉलिश कसं करतो माहीत आहे? चपडा लाख घेतो आणि स्पिरिटमध्ये टाकतो. सकाळपर्यंत पाणी. तुला म्हाताऱ्याचा बाप विरघळवून बाटलीत भरायचा आहे का?"

प्रसन्ननं फोनवर शोधलं. शोधताना त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जुन्या तबकड्या खरंच लाखेच्या, आणि ती लाख त्या काळी हिंदुस्थानातनंच यायची. स्पिरिट लावू नका, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्यानं बूच घट्ट बसवलं आणि बाटली स्वतःच्या पाठीमागं ठेवली.

"मग काय लावायचं?" अनिकानं विचारलं.

"रिठा."

मग बाईंनी घर कामाला लावलं. रिठे ऊन पाण्यात भिजत घातले, पाणी गाळलं, थंड होऊ दिलं; लाखेला ऊन पाणी चालत नाही. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर म्हाताऱ्याच्या बापाचं नाव होतं, ते भिजता कामा नये, म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि कडेनं कणकेनं लिंपून टाकली. ब्रश मऊ पाहिजे होता. तो आसावरीच्या खोलीत मिळाला, गालाला पावडर लावायचा, दांड्याला सोनेरी कड असलेला.

"आई, तो चाळीस डॉलरचा आहे."

"मग चांगलाच मऊ असेल."

आसावरीनं तोंड उघडलं, अनिकाकडं बघितलं, आणि रिठ्याच्या पाण्याचा वाडगा स्वतः धरून उभी राहिली.

बाई तबकडी मांडीवर घेऊन बसल्या. रेघेच्या दिशेनं, गोल गोल, आडवा हात एकदाही नाही. पाणी आधी पिवळं आलं. मग लालसर. आणि मग, हळद कुंकू संपल्यावर, काळं यायला लागलं. वाडगा बदलला तरी काळं. हे बाईंचं नव्हतं. हे ऐंशी वर्षांचं होतं. सिगारेटी, कोळसे, कोणाकोणाच्या घरातली धूळ. तिसऱ्या वाडग्याला पाणी नितळ आलं. कडेच्या बाजूला मात्र, पदर जोरात फिरला होता तिथं, एक केसासारखी आडवी रेघ दिसत होती. ती धुऊन जाणारी नव्हती. बाईंनी तिच्यावरनं अंगठा फिरवला.

तबकडी मऊ धोतरात टिपून रात्रभर उभी वाळत ठेवली. शनिवारी सकाळी अनिका पेटी उघडायला गेली.

"थांब," बाई म्हणाल्या. "इथं नाही लावायची. त्याच्याकडं जाऊन लावायची."

प्रसन्न म्हणाला, "आई, आधी ऐकून तर बघू. नीट वाजत असली तर त्यांना सांगायचीही गरज नाही. थँक यू म्हणून देऊन टाकू."

"म्हणूनच नाही लावायची. नीट वाजली तर तुम्ही कोणी तोंड उघडणार नाही." त्या जरा थांबल्या. "मीपण नाही उघडणार. मला मी चांगली ओळखते."

आसावरीनं लाडवांचा डबा पुढं केला, तो बाईंनी परत ठेवायला लावला. चूक सांगायला जाताना लाडू नेले की त्याची लाच होते. त्यांनी इरकल नेसली, वर प्रसन्नचं जाड जाकीट चढवलं, तबकडी छातीशी धरली, आणि रस्ता ओलांडला. मागं अनिका पेटी घेऊन. रस्ता ओलांडायला एक मिनिट लागतं. बाईंना तो अमळनेरपर्यंत लांब वाटला. त्यांच्या तळहाताला घाम आला होता.

मिस्टर टॉलिव्हरनी दार उघडलं, बाईंना बघून टोपी काढली. आठ वर्षांत दोघांचं बोलणं हात वर करण्यापलीकडं गेलं नव्हतं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. दुकानात किंमत कमी करून घेण्यापुरतं येत होतं. पण हे काम मोडक्या इंग्रजीत करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कोचावर टेकल्या आणि नातीला म्हणाल्या, "मी सांगते तसंच सांग."

मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय, तबकडी का निवडली, हळद कशी लावली, पदर कसा ओढला. अनिकानं मान हलवली आणि इंग्रजीत म्हातारबाबांना म्हणाली की आजी म्हणते, रेकॉर्डला एक छोटासा अपघात झाला.

"मी एवढं बोलले आणि तू एका ओळीत संपवलंस? एक एक वाक्य सांग. माझी हळद तू खाऊ नकोस."

मग अनिकानं एक एक वाक्य सांगितलं. हळद. कुंकू. तांदूळ. टॉलिव्हर ऐकत होते. तांदळापाशी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ते विचारतात, का," अनिका म्हणाली. "अँग्री नाहीयेत, मला वाटतं. त्यांना खरंच कळायचंय."

"सांग, की आमच्यात कामाच्या वस्तूला वर्षातून एकदा मान देतात. ही तबकडी तुला शिकवत होती, म्हणून दिला. पण वस्तू दुसऱ्याची होती, आणि मी विचारलं नाही. आणि पुसताना भांडं समजून पुसली. धुतली आहे, पण कशी वाजते माहीत नाही. आम्ही लावून बघितलेली नाही. एक ओरखडा राहिला आहे, तो माझा आहे, पोरीचा नाही." बाईंनी श्वास घेतला. "चुकलं माझं."

अनिकाचं भाषांतर यायचं थांबलं. तिला शब्द माहीत नव्हते असं नाही. हे वाक्य या तोंडातून कधी बाहेर पडलेलं तिनं ऐकलंच नव्हतं, ते खरं आहे का, हे तिला आधी बघायचं होतं.

"सांग ना," बाई म्हणाल्या. "पुन्हा म्हणणार नाही मी."

अनिकानं सांगितलं.

म्हातारबाबांनी तबकडी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवली. ओरखड्यावरनं त्यांनीही अंगठा फिरवला. चेहऱ्यावरनं काही कळेना. पेटी उघडली, तबकडी ठेवली, आणि सुई सोडली.

टिक्.

बाईंनी डोळे मिटले. टिक्. टिक्. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. ती खरखर मात्र गेली होती, नुसती हळदीची नाही, पहिलीसुद्धा; तबकडी घरात आली त्या दिवशी जो पावसासारखा आवाज होता, तो आता उरला नव्हता. मग पियानो आला. गल्लीतून नाही, याच खोलीतून. डावा हात गडगडत निघाला, उजव्यानं पहिली टिकली लावली, भोंगे उठले. अर्ध्या मिनिटानंतर टिकटिकही मागे पडली. ओरखडा कडेलाच होता.

आणि तेव्हा टॉलिव्हर एकदम पुढं वाकले. सुई उचलून त्यांनी पुन्हा सुरुवातीला ठेवली. कान जवळजवळ पेटीला लावला.

पियानोच्या खाली काहीतरी होतं. ढोल नव्हे, ढोल बाजूला होता. धप्, धप्, धप्, लाकडी जमिनीवर जड काहीतरी.

म्हातारबाबांनी तीनदा पहिल्यापासून लावलं. मग खुर्चीत मागं टेकले आणि हसायला लागले, आवाज न करता, पोट हलवत. डोळे पुसले. बोलायला लागले ते अनिकाला भाषांतराला सवड न देताच. तिनं नंतर जुळवून सांगितलं. त्यांचे वडील वाजवताना डावा पाय आपटायचे, कारखान्यातल्या लोखंडी टोकाच्या बुटासकट. रेकॉर्ड करणाऱ्यानं त्या पायाखाली घडी घालून कोट ठेवला. वडिलांनी तो लाथेनं उडवला आणि जन्मभर घरात सांगत राहिले की माझा पाय त्या रेकॉर्डवर आहे, नीट ऐका. घरातल्या कोणाला तो कधी ऐकू आला नाही. आई म्हणायची, हा माणूस पियानोपेक्षा बढाई चांगली वाजवतो. ती तसंच मानून गेली.

"ते म्हणतात, एटी इयर्स धूळ होती त्याच्यावर," अनिका म्हणाली. "आणि ते विचारतात, तू कशानं धुतलीस."

"रिठ्यानं. पाठवते म्हणावं थोडे. बाकीच्याही असतील तर धुऊन देईन, पण हळदीशिवाय."

टॉलिव्हरनी चौथ्यांदा सुई सुरुवातीला ठेवली. या वेळी अनिका पियानोच्या नसलेल्या पट्ट्यांवर गुडघ्यावरच बोटं चालवत होती. टिक्, टिक्, ती रेघ आपल्या चालीनं चालली होती. कधी ठेक्यावर पडे, बहुतेक वेळा जरा उशिरा. म्हातारबाबा मान तिरकी करून ऐकत होते. मग बाईंकडं बघून त्यांनी गंभीर चेहऱ्यानं अनिकाला काहीतरी सांगितलं. अनिका फिसकन हसली.

"काय म्हणतो?"

"ते म्हणतात, बँडमध्ये सात जण होते, आता आठवी तू. पण तू ठेक्याच्या मागं पडतेस."

सुलेखाबाईंनी जाकिटाची चेन खाली ओढली, कोचावर नीट मागं सरकून बसल्या.

"म्हणावं, बाकीचे ऐंशी वर्षं वाजवतायत. मी परवाच लागले."